वारीत कुणी "काय झालंय तुला" असं विचारत नाही

वडील गेल्यावर माझी झोपच उडाली होती. डॉक्टरांनी डिप्रेशन आहे म्हणून सांगितलं, गोळ्या चालू केल्या आणि त्यांनी फरकही पडला, हे आधीच सांगते, कारण "वारी कर, सगळं बरं होतं" असं म्हणणारे लोक मला अजिबात पटत नाहीत. पण गोळ्या घेऊनही जे आत तसंच अडकून राहिलं होतं ते आळंदी ते पंढरपूरच्या रस्त्यावर हळूहळू सुटत गेलं, त्याबद्दल लिहावंसं वाटतंय. आत्या कित्येक वर्षं माऊलींच्या पालखीबरोबर चालते, तिच्याच दिंडीत मी गेले.

दिंडीत नुसतं कुणाला राहू देत नाहीत. पुढे पताकावाले, मग टाळकरी, मृदंगी, विणेकरी आणि बायका डोक्यावर तुळस घेऊन, प्रत्येकाची जागा ठरलेली. मी नवीन, तरी पहिल्याच दिवशी एका काकूंनी स्वतःच्या डोक्यावरचं तुळशीवृंदावन उतरवून माझ्या डोक्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "माऊली, आता मान खाली घालायची नाय." बस एवढंच. नाव विचारलं, गाव विचारलं, बाकी काही नाही. घरी येणारा प्रत्येक जण मला "अजून किती दिवस असं करणार" म्हणायचा, इथे मला फक्त काम मिळालं, संध्याकाळी भाकऱ्या थापायच्या, पाणी भरायचं, आणि टाळाच्या ठेक्यावर पाय टाकायचे. आणि ठेका एकदा अंगात भिनला ना की श्वास आपोआप लांब होतो, डोक्यातलं तेच तेच फिरणारं चक्र मधेच तुटतं, परत सुरू होतं, परत तुटतं. पहाटे अंधारात उठून टँकरखाली गार पाण्याने अंघोळ, दिवसभर चाल आणि रात्री राहुटीत बाजूच्या बाईचा हात अंगावर पडलेला असतानाही मला गाढ झोप लागायची, हे माझं मलाच नवल.

जेजुरीहून वाल्ह्याला जाताना शेजारच्या ताईने तिच्या मुलाचं सांगितलं. तरुण मुलगा गेला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, मी तिच्याकडे बघत नव्हते, दोघी समोरच्या पताकेकडे बघत चालत होतो. म्हणाली, "बसून कुणाला सांगवत नाय गं, चालता चालता येतं तोंडातून." मग मीही वडिलांच्या शेवटच्या दिवसांचं बोलले, जे मी नवऱ्याशीही बोलले नव्हते. तेवढ्यात पुढे अभंग सुरू झाला, तिने डोळे पुसले आणि सूर धरला. रडणं झालं म्हणून चाल थांबली नाही, आणि चाल चालू आहे म्हणून कुणी रडणं दाबलंही नाही.

अजून एक गोष्ट मला फार मोठी वाटते ती म्हणजे मुक्कामाची समाज आरती. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहून टाळ वाजवत असतात, सोहळ्याची शिस्त सांभाळणारा चोपदार हातातला चोप म्हणजे दंड वर करतो, आवाज देतो आणि एवढे हजारो टाळ एकदम गप्प. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिथे जातात, काय झालं ते ऐकून घेतात, त्याचा निवाडा होतो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, उद्या पालखी कधी निघणार ते सांगतात आणि मग आरती. म्हणजे ज्याला त्रास आहे त्याचं ऐकल्याशिवाय आरती पुढे सरकत नाही! आपल्या घरांत ही पद्धत असती तर किती बरं झालं असतं असं मला रोज वाटायचं.

शरीराचं म्हणाल तर सगळी मजा पायांवर अवलंबून. गावोगावची माणसं तेल घेऊन वाटेत बसलेली, वारकऱ्यांचे पाय चेपायला, त्यात शाळकरी पोरं पण आणि कॉलेजातली पण. पण फोड आला की सुई-दोरा घालून फोडायची जी जुनी पद्धत आहे ती नको, आरोग्य केंद्राच्या तंबूत स्वच्छ ड्रेसिंग करून देतात. आमच्यातल्या एका आजींना शुगर होती, तळव्याला खडा टोचून जखम झालेली त्यांना कळलीच नाही, रात्री पाय चेपताना आत्याच्या हाताला ओलं लागलं तेव्हा समजलं. त्यानंतर आमच्या दिंडीत रोज रात्री एकमेकींचे तळवे टॉर्च लावून बघायचे असं ठरलं. पुणे ते सासवड हा सगळ्यात लांब टप्पा, ३० किमीच्या आसपास, त्यात दिवे घाट आणि आमच्या वेळी नेमकी एकादशी. आजी उपास सोडायला तयार नव्हत्या, शुगरची गोळी मात्र घेतलेली, म्हणजे उपाशीपोटी शुगर एकदम खाली जायची भीती. शेवटी विणेकरी बाबांनीच सांगितलं, "आजी, माऊलींना उपाशी माणूस रस्त्यात पडलेला नको असतो, खाऊन घ्या." डॉक्टर तासभर सांगत होते ते बाबांच्या एका वाक्याने झालं. म्हणून मला वाटतं आरोग्य खात्याने वारीत गोळ्या-औषधं जरूर द्यावीत, पण आधी विणेकऱ्यांना आणि दिंडीचालकांना विश्वासात घ्यावं.

बायकांचं एक बोललंच पाहिजे. आता फिरती शौचालयं असतात, खूप सुधारणा आहे, तरी रांग असते, अंधार असतो म्हणून बायका पाणीच कमी पितात आणि मग लघवीला जळजळ, चक्कर. हे कुणी मोठ्याने बोलत नाही. आम्ही चौघी-पाचजणी मिळून जायचो, एकीने बाहेर थांबायचं, आणि पाणी पोटभर प्यायचो.

माझ्या गोळ्या आत्याच्या बटव्यात होत्या, जेवण झालं की तीच हातावर ठेवायची, शेजारी आजींची बीपीची गोळी. आजींनी एकदा विचारलं, "तुझी कशाची गं?" मी म्हटलं मनाची. "बरं, घे," म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

परत आल्यावर डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी गोळ्या लगेच कमी केल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं. पण दर एकादशीला आत्याच्या गावच्या भजनाला जाणं चालू ठेवा असं त्यांनीच सांगितलं. मुलाचं सांगणारी ताई लांबची, तिला येणं जमत नाही, पण तिचा फोन येतो आणि फोनवर बोलताना ती अंगणात फेऱ्या मारत असते.