आमची वाटचाल : आधी त्याचा दिवस सांगा

पहिल्या भेटीत आम्ही कुत्र्याला काहीही शिकवत नाही. लोकांना हे खटकतं. पैसे मोजून ट्रेनर बोलावली आणि ही बाई सोफ्यावर बसून चहा पितेय, वहीत लिहितेय, कुत्र्याकडे धड बघतसुद्धा नाही. विलेपार्ल्यातल्या एका काकांनी तर तोंडावर विचारलं, ‘‘सिट-स्टे कधी सुरू करणार?’’ मी म्हटलं, ‘‘काका, आधी त्याचा दिवस सांगा. सकाळी डोळे उघडल्यापासून.’’

काका सांगू लागले. सकाळी सातला खाली पाच मिनिटं, शी-शू झाली की लगेच वर. साडेआठला घरातले सगळे बाहेर. संध्याकाळी सातपर्यंत तो एकटा. रात्री जेवणानंतर परत पाच मिनिटं. कुत्रा बीगल, वय दीड वर्ष, तक्रार काय तर सोफा फाडतो. हे सगळं स्वतःच्या तोंडून ऐकता ऐकता काकांचा आवाज खाली आला. मग म्हणाले, ‘‘म्हणजे तो करतो काय दिवसभर?’’ मी म्हटलं, ‘‘सोफा.’’

ही वही म्हणजे आमच्या धंद्याचं भांडवल. सुरुवातीला मात्र ती नव्हती. सुरुवातीला पिशवीत चोक चेन होती, ओढली की गळा आवळणारी साखळी.

हे काम मी शिकले ते उपनगरातल्या एका ट्रेनरच्या हाताखाली. माणूस कष्टाळू, पहाटे पाचला मैदानावर हजर. त्यालाही कोणीतरी तसंच शिकवलेलं. गळ्यात साखळी, चुकला की झटका, बरोबर केलं की फक्त झटका नाही. तीन महिन्यांत कोर्स पुरा. कुत्रा डाव्या पायाला चिकटून चालायचा, कान मागे, शेपूट पोटाखाली, आणि आम्ही त्याला शिस्त म्हणायचो. पुढे मी स्वतःची कामं घ्यायला लागले तेव्हाही तीच साखळी, तेच झटके.

परळच्या एका घरी लॅब्राडोर होता. लॅब म्हणजे गरीब गाय, पण हा डोक्याकडे हात नेला की गुरगुरायचा. घरात लहान नातू, सगळे धास्तावलेले. मी ती गुरगुर ‘काढली’. गुरगुरला की झटका. पंधरा दिवसांत आवाज बंद. घरचे खूश, मी खूश, फी मिळाली. दोन महिन्यांनी फोन आला. नातवाने कानाशी हात नेला आणि कुत्रा न गुरगुरता थेट चावला. पोराला रेबीजच्या इंजेक्शनांचा कोर्स घ्यावा लागला. कुत्र्याला डॉक्टरांकडे नेलं तर दोन्ही कानांत जुनं इन्फेक्शन. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना आपल्या दमट हवेत हा त्रास नेहमीचा. तो बिचारा ‘दुखतंय’ एवढंच सांगत होता, आणि मी त्याचं तोंड बंद करण्याचे पैसे घेतले होते.

फी परत केली. त्या घरी पुन्हा जायची हिंमत झाली नाही.

नंतर चार-पाच महिने मी नवीन काम घेतलंच नाही. माझी नणंद तेव्हा बालवाडीत शिकवायची. एकदा भाजी निवडताना तिने विचारलं, ‘‘वहिनी, माझ्या वर्गातली पोरं ऐकत नाहीत. त्यांना झटके दिले तर चालतील?’’ मी चिडले. पण वाचायला लागले ते त्या दिवसापासून.

आणि वाचलं तेव्हा कळलं की यात नवीन असं काहीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पेटीत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग केले. ज्या हालचालीने दार उघडतं आणि खायला मिळतं ती हालचाल मांजर पुन्हा करतं, दर वेळी जरा लवकर करतं. पुढे स्किनर या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने त्याचं शास्त्र बांधलं. त्याचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलंड यांनी १९४०च्या दशकात ते प्रयोगशाळेबाहेर आणलं आणि तऱ्हेतऱ्हेच्या जनावरांना त्याच पद्धतीने शिकवलं. मला पटलं ते डॉल्फिनमुळे. पाण्यातल्या डॉल्फिनला साखळी घालणार कुठे? नाही पटलं तर तो पोहत निघून जाईल. तिथे शिटी आणि मासा, दोनच हत्यारं.

‘कुत्र्याला दाखवून द्या बॉस कोण’ हे तर मी स्वतः शंभरदा लोकांना सांगितलं होतं. त्याचं मूळ १९४७ सालच्या एका अभ्यासात निघालं. लांडगे प्राणिसंग्रहालयातले, एकमेकांच्या नात्यातले नसलेले, एकाच पिंजऱ्यात कोंबलेले. ते भांडणारच. गर्दीच्या वेळची विरार लोकल बघून कोणी मराठी कुटुंबपद्धतीवर पुस्तक लिहावं, तसला प्रकार. ‘अल्फा’ म्हणजे कळपाचा बॉस. हा शब्द लोकप्रिय करण्यात ज्यांच्या पुस्तकाचा मोठा वाटा होता, त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. आणि आमच्या मैदानावर अजून अल्फाच चालू होता.

तर मी साखळी सोडली आणि खाऊ धरला. आम्ही ‘ट्रीट’ कमी म्हणतो, खाऊच म्हणतो. उकडलेलं चिकन, पनीर, आणि आमचं खास म्हणजे सुकट. दादरहून आणायची, मीठ जाईपर्यंत तीन-चार पाण्यांतून काढायची, कोरडी भाजायची. तिच्या वासापुढे मांजर आडवं गेलं तरी कुत्रा ढळत नाही. पण हा डबा घेऊन लेडीज डब्यातून जायचं म्हणजे दिव्य. माटुंग्याला एक बाई उठून दुसरीकडे बसली होती, समोरच्या कोळीणबाई मात्र म्हणाल्या, ‘‘भाजलीस छान, पण कुत्र्याला कशाला गं?’’

खाऊवर आक्षेप सगळ्यांचा एकच : ही तर लाच झाली. भांडुपला एक आजोबा होते, बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना मी थिअरी सांगायला लागले तर हात वर करून म्हणाले, ‘‘कळलं. आधी दाखवलं तर लाच. ड्युटी झाल्यावर दिला तर पगार.’’ इतकं नेमकं मला आजवर सांगता आलेलं नाही. फक्त त्यांचा पग दीड महिन्यात गोल गरगरीत झाला, कारण पगार चालू आणि दोन वेळचं ताटही पूर्ण. खाऊ रोजच्या जेवणातून वजा करायचा असतो, हे सांगायचं मी विसरले होते. आता वहीच्या पहिल्या पानावर तेच लिहिलेलं असतं.

नणंदेने शाळा सोडली आणि आम्ही दोघींनी मिळून काम सुरू केलं. पहिल्या वर्षी महिन्याला चार-पाच घरं, रिक्षाभाडं वजा जाता हातात फार काही नाही. पाळीव कुत्रे सांभाळणाऱ्या एका मोठ्या ठिकाणाने नियमित काम देऊ केलं होतं, अट एकच, निकाल महिन्यात हवा आणि साधन कोणतंही चालेल. ‘कोणतंही’ म्हणजे काय ते दोघींना कळलं होतं. नाही म्हटलं. त्या महिन्यात विजेचं बिल सासूबाईंनी भरलं.

खरी ओळख मिळाली ती मोतीमुळे.

मोती लालबागचा, गावठी, वय नऊ. त्याचा सगळा जन्म चाळीच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत गेलेला. चाळीचा टॉवर झाला, चावी मिळाली, आणि घर आलं अठराव्या मजल्यावर. तीन आठवड्यांत मोती घरात शू करायला लागला, दाराला नखं मारायला लागला, लिफ्टसमोर चारी पाय रोवून थरथरायला लागला. दुपारभर भुंकायचा. सोसायटीत दोन लेखी तक्रारी. त्या घरच्या आजी म्हणाल्या, ‘‘म्हातारपणी बिघडला बघ.’’

डॉक्टरांकडे लघवी तपासून घेतली, ती ठीक निघाली. मग वही. डाव्या पानावर चाळीतला दिवस, उजव्या पानावर टॉवरमधला. डावं पान भरता भरेना. पहाटे दूधवाला, मग नळावरची गडबड, कॉलेजची पोरं, जिन्याच्या तोंडाशी दुपारची झोप, चारला शेजारच्या वहिनींकडची पोळी, संध्याकाळी खाली पोरांच्या क्रिकेटमध्ये चेंडू पळवणं. दिवसाला पंचवीसेक माणसं, त्यांच्या पायांचे, पिशव्यांचे वास. उजव्या पानावर तीन माणसं आणि एक लिफ्ट. आजींनी दोन्ही पानं बघितली आणि चष्मा काढून पुसत बसल्या. त्यांचाही दिवस साधारण तसाच झाला होता.

लिफ्टपासून दहा-बारा फुटांवर खुर्ची टाकून बसायचं. लिफ्टची ‘टिंग’ वाजली की लगेच खाऊ. आधी टिंग, मग खाऊ. क्रम उलटला की खेळ बिघडतो, आणि तो बिघडलाच. आजी प्रेमाने आधी डबा उघडून तयारीत बसायच्या. चौथ्या दिवशी मोती डब्याच्या झाकणाच्या आवाजानेच थरथरायला लागला. डबा उघडला की राक्षस येतो, असा त्याने हिशोब लावला. मग डबा बंद केला, खाऊ खिशात गेला, आणि घरात दिवसातून दहा वेळा उगाचच झाकण उघडायचं, काही न होऊ देता. आठवडा तिथे गेला. पुढे खुर्ची एकेक पाऊल जवळ. मग वॉचमनदादा दार उघडं धरून उभे आणि मोती स्वतःहून पुढचे दोन पाय आत ठेवून बाहेर. त्याला ढकलायचं नाही, ओढायचं नाही, बाहेर यावंसं वाटलं तर येऊ द्यायचं. मग एक मजला. शेवटी पंचविसाव्या दिवशी अठराच्या अठरा. तोवर बाल्कनीत ट्रेमध्ये खालचीच माती आणि गवत टाकून शूची सोय केली होती.

पण लिफ्ट हा अर्धाच भाग. भुंकणं थांबलं ते सेफ्टी डोअरमुळे. सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर मुख्य दार उघडं ठेवायचं, जाळीचं बंद. मोती जाळीशी बसायचा आणि येणारेजाणारे बघायचा. मजल्यावरचे निम्मे लोक जुन्या चाळीतलेच, ते थांबून बोलायचे. काही दिवसांनी समोरच्या काकूही दार उघडं ठेवू लागल्या. त्याचं श्रेय मात्र आमचं नाही.

मोतीच्या बाबतीत ‘ट्रेनिंग’ असं किती झालं? लिफ्टपुरतं. बाकी सगळं हरवलेल्या दिवसाची भरपाई. तेव्हापासून आम्ही काम असंच बघतो. कुत्र्याला हुंगायला मिळतं का? आपल्याला डोळ्यांनी जेवढं जग कळतं तेवढं त्याला नाकाने कळतं, आणि आपण त्याला खांबाखांबाशी ‘चल चल’ करत ओढतो. वीस मिनिटं त्याच्या मर्जीने, शिवाजी पार्कच्या कट्ट्याबाहेरून, ढिला पट्टा, जिथे थांबेल तिथे थांबायचं. तासभर फरफटवून जेवढा दमत नाही तेवढा त्यात शांत होतो. चावायला मिळतं का? जेवण नेहमी स्टीलच्या भांड्यातच का? जुन्या टॉवेलात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या खोक्यात लपवून द्या, शोधू दे. आणि झोप. पिल्लू दिवसाला अठरा-वीस तास झोपतं. संध्याकाळी आठला पायाला कडकडून चावणारं पिल्लू बहुतेक वेळा दमलेलं, किरकिरलेलं असतं. आमच्याकडे ‘चावतं’ म्हणून आलेल्या कित्येक पिल्लांवर उपचार एकच झाला : दुपारी पाहुण्यांना बंदी.

मे महिन्यात डांबरावर स्वतःच्या हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा, मग चालायला न्या, हे दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी भाजलेले तळवे बघतो.

२०२०च्या लॉकडाउनमध्ये वाटलं आता दुकान बंद. नणंदेने व्हिडिओवर शिकवायचं काढलं. तो शहाणपणा निघाला, कारण आम्ही घरात नसताना कुत्रा जसा वागतो तसाच दिसायला लागला. पण त्या वर्षीची पिल्लं वेगळी. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत पिल्लू जगाशी ओळख करून घेतं, आणि यांना जग म्हणजे टूबीएचके आणि मास्कवाली माणसं. आम्ही घरातल्यांनाच हेल्मेट, छत्री, रेनकोट घालून हॉलमध्ये फिरायला लावलं, सोबत खाऊ. एक आजोबा धोतरावर हेल्मेट घालून फिरले होते, तो व्हिडिओ अजून जपून ठेवलाय.

सोसायट्यांच्या भांडणांत आम्हाला ओढतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ची मार्गदर्शक तत्त्वं फाइलला असतात : पाळीव प्राण्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. तो कागद आम्ही देतो. पण सोबत महापालिकेचा परवाना काढायला लावतो, रेबीजची लस आणि शी उचलायची पिशवी विचारतो. आणि दुपारचं भुंकणं आधी हातात घेतो, कारण खालच्या मजल्यावर कोणाची तरी नाइट शिफ्ट असते.

आता आम्ही चौघी आहोत. प्रभादेवीत तळमजल्यावर एक खोली भाड्याने घेतली आहे, पावसात भिंतीला ओल येते. दुकान राखायला ‘कडक’ कुत्रा हवा म्हणणाऱ्यांना नकार देतो. हमी मागणाऱ्यांनाही. साहजिकच सगळी कामं मिळत नाहीत.

जुलै लागला की आमचा ढोल-ताशा सुरू होतो. गणपतीला दोन महिने असतानाच मोबाइलवर मिरवणुकीचं रेकॉर्डिंग, आवाज अगदी बारीक, पंख्याच्या आवाजात मिसळेल इतका, आणि मागोमाग खाऊ. दर तीन-चार दिवसांनी आवाज एक खूण वर, तेही कुत्रा बेफिकीर असेल तरच. फारच घाबरणाऱ्यांना डॉक्टरांकडे धाडतो, औषध आहे. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीती वाढते म्हणतात, ते खरं नाही, खुशाल घ्या. हे लिहिताना समोर पाच महिन्यांची एक काळी गावठी पोर बसली आहे, गेल्या आठवड्यात ताशा ऐकून कपाटामागे शिरली होती. आवाज आज दुसऱ्या खुणेवर आहे. तिने एकदा मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्या खिशाकडे.