मामाची मोरी आणि माझं गणित

बेळगावजवळ येळ्ळूरच्या बाजूला मामाचं भातशेत हाय, त्याच्या कडंच्या रस्त्याखाली एक मोरी, एक मीटर व्यासाचे दोन पाइप. नोकरीला नवीन होतो तेव्हा तिचं गणित मीच केलेलं, घरात कौतुक पण झालेलं. परवाच्या पावसात पाणी रस्त्यावरनं गेलं आणि मामाचा फोन, "काय इंजिनिअर, तुझ्या मोरीतनं पाणी जाईना की रे!"

जुनी वही काढली. रॅशनल मेथड, म्हणजे मोरीकडं किती पाणी येईल ते काढायचं सूत्र: सी (पावसातला वाहून येणारा हिस्सा) गुणिले आय (तासाला किती मिलिमीटर पाऊस) गुणिले ए (किती हेक्टर जमीन) भागिले ३६०. वरचं शिवार शंभर एकर, म्हणजे ४० हेक्टर, सी ०.३, पाऊस तासाला ६० मिलिमीटर, उत्तर २ क्युमेक, म्हणजे सेकंदाला २ घनमीटर पाणी. पाइपातनं पाणी सेकंदाला दोन मीटरनं पळालं तर दोन्हींतनं मिळून ३ जातं, म्हणून मी निवांत.

खरं आता वर शिवार राहिलंय कुठं, सगळे प्लॉट आणि काँक्रीट, सी ०.६ तरी धरायला पाहिजे. आणि दुसरं म्हणजे आधी बांधाबांधाला अडत येणारं पाणी आता गटारातनं सुसाट येतं, लांबच्या टोकाचं पाणी मोरीला लवकर पोचतं, मग हिशोबाला सर पण तेवढीच छोटी घ्यायची, आणि छोटी सर जोरात असते, म्हणून ६० चे ९० धरले. बघतोय तर ६ क्युमेक! तिप्पट! पाऊस पण इथलाच धरायचा, बेळगाव जिल्ह्याची सरासरी तर विचारूच नका, घाटाकडच्या कणकुंबीला कोसळतोय तेव्हा अथणीवाले ढग बघत बसलेले असतात.

गंमत म्हणजे पावसातलं किती पाणी वाहून येतं याचे तक्ते स्ट्रेंज नावाच्या इंग्रज इंजिनिअर साहेबानं १८९२ मध्ये केले ते आपल्याच सीमाभागातल्या नोंदींवरनं. त्यात पाणलोटाचे प्रकार चांगला, मध्यम, वाईट. चांगला म्हणजे जास्त पाणी वाहून देणारा, कारण साहेबाला तलाव भरायचे होते. त्या हिशोबानं मामाच्या वरचे प्लॉट एकदम चांगले!

रविवारी टेप घेऊन गेलो. मामानं काही न बोलता आंब्याजवळ नेलं, बुंध्याला चिखलाची रेघ आणि तिच्यावरच कोयत्यानं मारलेली खूण. लेव्हल लावली, पाइपाच्या माथ्यापासून ७० सेंटिमीटर वर. वहीत लिहून घेतली.

"आधी विचारलं असतंस तर अजून एक दाखवली असती," मामा म्हणाला, आणि मागच्या बाजूची जुनी खूण दाखवली, हिच्यापेक्षा चार बोटं खाली.