ताई, कालचीच!

बालवाडीत सांगायला नवी गोष्ट छान घोटून न्यावी आणि समोरच्या मुलांकडून एकमुखाने यावं, "नको, कालचीच!" एवढंसंच. पण सलतंय.

कालची म्हणजे कावळा-चिमणीची. तीही जशीच्या तशी. आधी बाळाची अंघोळ, मग पावडर, मग तीट. तीट आधी लावली की लगेच, "असं नाहीये!" म्हणजे आपण काय, नुसता टेपरेकॉर्डर? बदली ताई आल्या तरी... जाऊ दे.

कारण माहीत नाही असं नाही. चार वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ऐकताना 'पुढे काय' याचाच घोर असतो. पुढचं ठाऊक झालं की शब्द कानात शिरतात, मग तोंडात येतात. एरवी घुम्यासारखी बसणारी मुलंही पुष्कळदा पहिल्यांदा बोलतात ती या पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीतच, बाकीच्यांच्या आवाजाआडून. "थांब, माझ्या बाळाला..." इथे थांबायचं. २ सेकंद, भुवया उंचावून. "सांगा बरं, काय म्हणाली?" असं विचारलं की परीक्षा होते, मागची रांग गप्प. आणि फार थांबलं की कुणीतरी आपल्या आजीच्या मांजराचं सुरू करतं. मांजराला "नंतर ऐकू" म्हणायचं आणि नंतर खरंच ऐकायचं. नाहीतर पुढच्या वेळी त्या 'नंतर'ला कुणी भीक घालत नाही.

हे सगळं कळतं, तरी सल आहेच. त्यांना गोष्ट हवी, सांगणारी कुणी का असेना! बरं, मग सांगणारीने खिडकीकडे पाठ केली की चेहरा काळा दिसतो, तेव्हा का कुरकुरतात? कावळ्याचा आवाज जरा जास्त घोगरा झाला की पुढचं एखादं रडकुंडीला का येतं? म्हणजे चेहरा लागतो, आवाजही लागतो. आमचं एवढं तरी भांडवल आहे म्हणायचं. तेही ८-१० मिनिटांपुरतं. त्यापुढे बुटांच्या वेल्क्रोची चर्रचर्र सुरू.

तर नवी गोष्ट मागच्या दाराने आणावी. आधी कालचीच, पुरती. मग उठू न देता नवी, ३ मिनिटांत बसेल एवढीच, तिच्यातही एक ओळ परत परत येणारी. शेवटी तात्पर्य विचारायचं नाही. नव्या गोष्टीतली काठीवरची चित्रं दोन दिवस आधीच खेळायच्या कोपऱ्यात टाकायची, म्हणजे कोल्हा ओळखीचा होतो. नुसत्या कागदाचं शेपूट पहिल्याच दिवशी तुटणार. मागून पुठ्ठा लावायला हवा.