कांस्याचा दोर

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या उल्लापूलहून लूइस बेटावरच्या स्टोर्नोवेला जाणारी फेरी अडीच-पावणेतीन तास घेते. त्यातला अर्धा तासच मी डेकवर टिकले. मे महिना होता, पण तिथल्या वाऱ्याला ते कुणी सांगितलेलं दिसलं नाही. आत येऊन कानात हेडफोन खुपसले आणि ‘टोबर अन डुअलखेश’ची वेबसाइट उघडली.

नावाचा अर्थ ‘वारशाची विहीर’. एडिंबरा विद्यापीठाच्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजच्या लोकांनी 1951 पासून गावोगाव फिरून केलेली ध्वनिमुद्रणं, बीबीसीच्या जुन्या टेप, कॅना बेटावरच्या जॉन लॉर्न कॅम्पबेल यांचा संग्रह, असं बरंच काही त्यात घरबसल्या ऐकता येतं. मी लावलं ते कापड आपटण्याचं गाणं. लोकरीचं ओलं कापड फळीवर आपटून घट्ट करताना बायका ही गाणी म्हणायच्या. एक जण ओळ टाकते, बाकीच्या अर्थ नसलेल्या अक्षरांचं धृपद उचलतात आणि कापड थप्पकन खाली येतं. गॅलिक या तिथल्या जुन्या भाषेचा एक शब्द मला कळत नाही, पण हात आपोआप टेबलावर पडायला लागला. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. तिचा आवाज आमच्या घरात कुणाकडेही नाही. इथे गाणं सुरू करण्याआधी बाई खाकरली, तेसुद्धा जपून ठेवलंय.

अर्थात टेपवर जे कुणी बोललं तेच येणार. लूइसवर एक गोष्ट कित्येक वर्षं घराघरांत कुणी बोललंच नाही.

31 डिसेंबर 1918. महायुद्ध संपलेलं. नौदलातली बेटावरची पोरं ‘आयोलेअर’ या बोटीने घरी निघाली. (गॅलिक उच्चार ‘यूलर’च्या जवळ जातो, अर्थ गरुड. मी दोन दिवस चुकीचंच म्हणत होते.) रात्री दोनच्या सुमाराला, बंदराचे दिवे दिसत असताना, बोट बंदराजवळच्या होम या जागेच्या खडकांवर आदळली. काठ जेमतेम वीस यार्डांवर. 201 जण गेले, 79 वाचले. पोरांसाठी घेतलेली खेळणी किनाऱ्याला लागली. जॉन मॅक्लाउड नावाचा होड्या बांधणारा माणूस दोर घेऊन काठावर पोहला, आणि त्या दोराच्या आधाराने चाळीसेक जण बाहेर आले.

वाचलेल्यांपैकी काही जण पुढे म्हातारपणी बोलले आणि ते रेकॉर्ड झालं. 2018 साली, शताब्दीच्या तोंडावर, स्टोर्नोवेच्या ‘अन लान्टर’ (म्हणजे कंदील) या कलाकेंद्राने कलावंतांकडून नवी कामं करवून घेतली, त्यात संगीतही होतं. बंदराच्या काठावर बोटीच्या आकारात लाकडी खांब रोवले गेले, बोटीवरच्या माणसांइतके, आणि रात्री ते उजळायचे. हे मी फोटोंतच पाहिलं.

मी गेले होते ते दोर बघायला. विल मॅक्लीन, मॅरिअन लेव्हन आणि आर्थर वॉटसन या तिघांनी केलेला कांस्याचा दोर.

तो दिवस रविवार होता. लूइसवर रविवार म्हणजे प्रार्थनेचा दिवस, तो अजूनही मनापासून पाळतात. माझ्या वाटेवर एकही दुकान उघडं नव्हतं. पिशवीतला चिवडा खात तासभर चालले. होमच्या टोकावर 1958 सालचा दगडी स्मृतिस्तंभ आहे, आणि पाण्यात खडकांवर एक खांब.

दोर वेटोळं घालून ठेवलाय, खलाशी नीट गुंडाळून ठेवतात तसा. पीळ स्पष्ट दिसतात. पावसाचं पाणी वेटोळ्यात साचलं होतं, बोट लावलं तर बर्फ. बास, एवढंच. पोहणारा माणूस नाही, बुडणारी बोट नाही. आपल्याकडे स्मारक म्हटलं की आधी घोडा किती फुटी यावर बैठक होते! इथे इतक्या माणसांच्या आठवणींतून तिघांनी फक्त एक वस्तू उचलली, आणि मला ते बरोबर वाटलं. लाटेचा पुतळा केला असता तर मी फोटो काढून पुढे गेले असते.

मुक्कामाच्या घरी आजीबाईंनी सूप ठेवलं होतं. म्हणाल्या, “आमच्याकडे नववर्षाच्या रात्री रेडिओ लावायचे नाहीत. का, ते मला शाळेत कळलं. घरात नाही.” मग ब्रेड पुढे सरकवला आणि हवेचं बोलायला लागल्या. मीही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी सातच्या फेरीत डावीकडची खिडकी धरून बसले. हातातला चहा निवायच्या आत तो पाण्यातला खांब येऊन मागे पडलासुद्धा.