‘ब्रिंग फॉरवर्ड’ आणि माझा हुकलेला सोमवार

सोमवारी सकाळी अकराला सहकारिणीचा फोन आला. “अगं, आहेस कुठे? सगळे तुझ्यासाठी खोळंबलेत.” मी म्हटलं, “कशासाठी? मीटिंग तर शुक्रवारी आहे.” पलीकडे एकदम शांतता.

मीटिंग मुळात बुधवारची. आदल्या आठवड्यात मेल आला होता, ‘द रिव्ह्यू हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड बाय टू डेज.’ मी तो वाचला, ‘दोन दिवस पुढे’ असं मनात म्हटलं आणि निवांत झाले. आकडे अर्धवट, तक्ते कच्चे. पुढचा अर्धा तास कसा गेला ते सांगत नाही.

राग स्वतःचाच आला, कारण इतकी वर्षं हिशेबाचं काम करतेय. खतावणीच्या पानाच्या तळाशी बेरीज मांडून ‘सी/एफ’ लिहायचं, पुढच्या पानाच्या माथ्यावर तीच रक्कम घेऊन ‘बी/एफ’ लिहायचं. कॅरीड फॉरवर्ड, ब्रॉट फॉरवर्ड. हातवळणीचे शब्द! आणि तिथे रक्कम पुढच्याच पानावर जाते की. मग मीटिंग मागे कशी आली?

शब्दकोशात अर्थ एका ओळीत मिळाला: ठरल्या वेळेच्या आधी घेणे. पण पटेना. आपण ‘परीक्षा पुढे गेली’ म्हणतो तेव्हा ती लांबलेली असते. आधी घ्यायची तर ‘अलीकडे आणली’ म्हणतो. ‘पुढे’ला ‘फॉरवर्ड’ हा प्रतिशब्द डोक्यात इतका घट्ट बसलेला की वाक्याचं पहिलं टोक मी बघितलंच नव्हतं.

शोधताना एक दिलासा सापडला. लेरा बोरोडिट्स्की आणि मायकल रॅमस्कार यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना विचारलं होतं: बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झाली, तर आता कधी? इंग्रजी बोलणाऱ्यांतच कुणी सोमवार म्हणे, कुणी शुक्रवार. विमानतळावर तर कुणाला न्यायला आलेल्यांपेक्षा नुकत्याच प्रवास करून उतरलेल्यांचा कौल शुक्रवारकडे जास्त! पण हा दिलासा मला उसना घेता येईना. तिथे ‘मूव्ह’ होतं, माझ्या मेलमध्ये ‘ब्रिंग’. त्याचा अर्थ आधीच, त्यात दोन मतं नाहीत.

उलगडा झाला तो त्या ‘ब्रिंग’मुळेच. ब्रिंग म्हणजे आणणे. आणायचं कुणाकडे? माझ्याकडे. मी आजच्या दिवसात उभी आहे, मीटिंग समोरून येतेय, तिला आणखी जवळ आणली. म्हणजे अलीकडेच! मग खतावणी आठवली. तळाशी ‘कॅरीड’, म्हणजे नेली. माथ्यावर ‘ब्रॉट’, म्हणजे मी आता ज्या पानावर आहे तिथे आणली. नेणे आणि आणणे. मराठीत हा फरक आपण पोरवयापासून न चुकता करतो, आणि मी सगळी भिस्त ‘फॉरवर्ड’वर ठेवून बसले होते. व्युत्पत्ती अशीच आहे असा माझा दावा नाही, पण लक्षात राहायला एवढं पुरलं.

वापरताना मात्र अडखळले. ‘ब्रिंग फॉरवर्ड द डेट’ चालतं, ‘ब्रिंग द डेट फॉरवर्ड’ही चालतं. पण तारखेऐवजी ‘इट’ आलं की ते मधेच बसतं: ‘ब्रिंग इट फॉरवर्ड’. ‘ब्रिंग फॉरवर्ड इट’ असं मी दोनदा लिहून खोडलं. प्रस्ताव किंवा पुरावा मांडण्यासाठीही हेच क्रियापद वापरतात, पण तिथे दिवसांचा घोळ नाही. खरी गंमत ‘पुट बॅक’ची. शब्द वाचून मागे घेतल्यासारखं वाटतं, आणि मीटिंग जाते लांबणीवर. आपलं ‘प्रीपोन’ किती सरळ! पोस्टपोनच्या उलट, संपलं. पण भारताबाहेरच्या अनेकांना ते ठाऊक नसतं, हे एका परदेशी सहकाऱ्याच्या प्रश्नचिन्हाने कळलं.

परवा मलाच एक मीटिंग आधी घ्यायची होती. ऐटीत लिहिलं, ‘कॅन वी ब्रिंग इट फॉरवर्ड टू मंडे?’ वाचून पाहिलं आणि पुढे तारीखही टाकली. दोन मिनिटांत आमच्याच सहकारिणीचं उत्तर आलं: “म्हणजे याच सोमवारी ना?”