साडेसातचा स्लॉट

आमचं ऑफिस चकाल्याला. विमानतळ जवळ, त्यामुळे आजूबाजूला मोठाली हॉटेलं, आणि त्यांच्यासमोरून मी रोज संध्याकाळी मेट्रो गाठायला पळते. आत जायचे प्रसंग म्हणजे कंपनीची कॉन्फरन्स, गळ्यात बिल्ला अडकवून. यंदा ऑडिट संपलं तेव्हा मान उजवीकडे वळेना, आणि नेमका बोनसही जमा झाला होता. म्हटलं, यातल्याच एका हॉटेलाच्या स्पात मसाज घेऊ, त्यातले थोडे पैसे स्वतःच्या पाठीवर घालवू.

रेटकार्डावर निम्मंच लिहिलेलं असतं, म्हणून फोनवरच सगळं विचारून घेतलं. 60 मिनिटं म्हणजे नुसत्या मसाजची, की कपडे बदलणं धरून? थेरपिस्ट बाईच असेल ना? हॉटेलात न राहणाऱ्यांना स्टीम मिळते का? आणि कर किती? हा प्रश्न मुद्दाम, कारण 22 सप्टेंबर 2025 पासून सलून-स्पावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. साडेचार हजारांच्या मसाजवर तो फरक 585 रुपये होतो, आणि एवढ्या पैशांत आमच्याकडे आठवड्याची भाजी येते. पलीकडची मुलगी न कंटाळता उत्तरं देत होती. शनिवार-रविवार भरलेले होते, मंगळवारी साडेसातचा स्लॉट मिळाला. ‘अर्धा तास आधी या,’ ती म्हणाली. तो अर्धा तास फुकट असतो आणि तो सोडू नये, हे माझं पक्कं मत.

गेल्यावर आधी फॉर्म. बीपी, मधुमेह, गरोदरपण, अलीकडचं ऑपरेशन, पायांवर फुगलेल्या शिरा, कशाची अ‍ॅलर्जी. बऱ्याच बायका तो घाईघाईत सगळीकडे ‘नाही’वर टिक करून देतात. असं करू नका. बीपी वाढलेलं असेल तर स्टीमला बसवत नाहीत, आणि शिरा फुगलेल्या असतील तर तिथे दाब देत नाहीत. खाली शरीराचं चित्र होतं, पुढून आणि मागून. दुखतं तिथे खूण करायची. मी उजव्या खांद्यावर गोल केला आणि तो गिरवून जाड केला.

मग प्रकार निवडायचा. स्वीडिश म्हणजे तेल लावून लांब, सलग हात, बहुतेक हृदयाच्या दिशेने. डीप टिश्यू म्हणजे अंगठा आणि कोपर. थाई मसाज अंगात कपडे ठेवून, तेलाशिवाय, ताणून ताणून करतात. अभ्यंगही होतं, पण त्यानंतर डोक्यापासून पायापर्यंत तेलकट होऊन लोकल पकडायची माझी तयारी नव्हती. मी स्वीडिश घेतला आणि खांद्यापुरता जोर जास्त हवा म्हणून सांगून ठेवलं. तेलं हुंगायला दिली, लॅव्हेंडर, गवती चहा आणि साधं तिळाचं. उग्र वासाने माझं डोकं चढतं, तेव्हा तिळाचं.

दागिने लॉकरमध्ये. मंगळसूत्र तर काढाच, काळ्या मण्यांच्या मधे तेल गेलं की ते साबणानेही निघत नाही, शिवाय वाफेत सोनं तापतं. जोडवी मात्र निघेनात.

स्टीमरूम 45 अंशांच्या आसपास असते. सौनाच्या कोरड्या खोलीतल्या 80-90 अंशांपुढे हे काहीच नाही असं वाटतं, पण इथली हवा बाष्पाने भरलेली, घाम वाळतच नाही, त्यामुळे चांगलंच उकडतं. पहिल्या मिनिटाला समोरची भिंतही दिसत नव्हती. दहा मिनिटांत बाहेर आले, पाणी प्यायले. आधी पोटभर खाऊन इथे बसू नये. पाच वाजता ऑफिसात आलेले समोसे मी याच कारणासाठी सोडले होते, आणि ते सोपं नव्हतं.

थेरपिस्ट मिझोरमची, माझ्या निम्म्या वयाची. अंगावर चादर, ज्या भागावर काम चाललंय तेवढाच उघडा, त्यामुळे संकोच वाटला नाही. पालथं झोपून तोंड मसाजच्या टेबलाच्या गोल खळग्यात घातलं की खाली फक्त तिची पावलं दिसतात. त्यावरून कळतं, आता वजन टाकणार. खांद्यामागच्या त्रिकोणी हाडाच्या कडेला तिचा अंगठा थांबला. ‘मॅम, इधर?’ तिथेच होतं. तिने चोळलं नाही, नुसता दाबून धरला. आधी कळ थेट कानामागे गेली, मग हळूहळू पसरली आणि सैल पडली. पुन्हा तेच, जरा खाली. मधे एकदा फारच दुखलं तेव्हा मी ‘थोडा कम’ म्हटलं, लगेच कमी केलं. एसी बोचत होता, तोही सांगून कमी करवला. पैसे मोजून दात-ओठ खात पडून राहणाऱ्या मैत्रिणी मला माहीत आहेत. तिला काय वाटेल, म्हणतात. तिला काहीही वाटत नाही, ती दर दहा मिनिटांनी स्वतःच विचारते.

पायाच्या बोटांशी आल्यावर तिने जोडव्यांच्या कडेकडेने करंगळी फिरवली, काही न विचारता. ते मला फार आवडलं.

नंतर आल्याचा गरम काढा आणि चार बदाम. तेल थोडा वेळ अंगात मुरू द्या म्हणाले. मी जुना सुती कुर्ता नेलाच होता, तो चढवला. बिल पाहिलं, कर 5 टक्केच होता. टीप कार्डावर न देता तिच्या हातात दिली. तेव्हा तिने सांगितलं, पुढच्या वेळी 90 मिनिटांचं घेऊ नका, 60चंच घ्या आणि पाय नको म्हणून आधीच सांगा, सगळा वेळ पाठीला आणि मानेला देता येतो. रेटकार्डावर हे कुठेच लिहिलेलं नाही. सप्टेंबरअखेर अर्धवार्षिक हिशेब संपले की तसंच सांगणार आहे.