दहा प्रवासी, आठ खुर्च्या

विमानाच्या पुढच्या भागातील खुर्च्या ऐन वेळी कमी पडल्या तर मागे कोणाला पाठवायचे, हा प्रश्न प्रवाशांच्या कानावर सहसा जात नाही. विमानतळावर काम करणाऱ्यांपुढे मात्र तो अधूनमधून उभा राहतो, आणि तो सोडवण्याची धांदल जवळून पाहिली की कपड्यांवरून माणूस जोखणारे नेमके काय जोखत असतात, हे चांगलेच ध्यानात येते. मी सांगते तो प्रसंग मुंबईच्या टर्मिनल २ वरचा, कोचीला जाणाऱ्या सकाळच्या विमानाचा आहे. त्या वेळी मी एका विमान कंपनीत ड्युटी मॅनेजर होते.

चेक-इन अर्धेअधिक उरकले असताना ऑपरेशन्सचा फोन आला की ठरलेले विमान तांत्रिक कारणाने उभे राहिले असून त्याच्या जागी दुसरे देत आहोत. विमान त्याच जातीचे, पण आतली मांडणी वेगळी होती. पहिल्यात बिझनेस क्लासच्या १२ खुर्च्या होत्या, बदलीच्या विमानात ८, आणि त्या दिवशी बिझनेसची तिकिटे घेतलेले प्रवासी होते १०. मागे इकॉनॉमीत जागा शिल्लक होत्या, त्यामुळे कोणाचा प्रवास चुकणार नव्हता. पण पुढच्या खुर्चीचे पैसे भरलेल्या दोघांना मागे बसवावे लागणार, हे उघड होते.

अशा वेळी काय करायचे ते लिहून ठेवलेले असते. आधी आपखुशीने मागे जायला कोणी तयार आहे का, ते विचारायचे. कोणी तयार नसेल तर तिकिटाच्या भाड्याचा वर्ग पाहायचा, कारण बिझनेस क्लासमध्येही पूर्ण भाडे, सवलतीचे भाडे असे प्रकार असतात. त्यानंतर वारंवार प्रवास करणाऱ्यांच्या योजनेतील दर्जा पाहायचा. व्हीलचेअर मागितलेल्या आणि आजारी प्रवाशांना शक्यतो हात लावायचा नाही. हा क्रम आमच्या कंपनीचा होता. सरकारचा नियम वेगळा आहे आणि तो पैशांचा आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने असे ठरवून दिले आहे की, प्रवाशाला त्याच्या इच्छेविरुद्ध खालच्या वर्गात बसवले तर देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या किमतीचे ७५ टक्के परत द्यावे लागतात. आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतराप्रमाणे ३०, ५० किंवा ७५ टक्के. नियम स्पष्ट आहे. फक्त तो प्रवाशाला माहीत असावा लागतो, किंवा कोणीतरी त्याला सांगावा लागतो.

मी यादी काढून काउंटरवर पोहोचले तेव्हा तिथल्या मुलीने प्रश्न निकालात काढलेला होता. ती डोंबिवलीहून पहाटेच्या लोकलने येणारी, कामाला चलाख मुलगी होती. "मॅडम, दोघांचं झालं. मागे सीट दिल्यात. काही बोलले नाहीत," तिने हळू आवाजात सांगितले आणि भुवईने बाजूच्या बाकाकडे खूण केली. तिथे साठीच्या पुढचे एक जोडपे व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसाची वाट पाहत बसले होते. पुरुषाच्या अंगात पांढरा सदरा, पायजमा, डोक्यावर टोपी, पायात झिजलेल्या चपला. बाईंनी सुती साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता आणि एक पाय समोर सरळ ताठ ठेवला होता. शेजारी तोंडाला दोरी बांधलेली एक पिशवी होती.

मी स्क्रीनवर त्यांची नोंद उघडली. दोन्ही तिकिटे पूर्ण भाड्याची होती. बाईंच्या नावापुढे व्हीलचेअरचा कोड होता आणि त्याखाली गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची नोंद होती. लेखी क्रमाप्रमाणे हे दोघे मागे जाणाऱ्यांत शेवटचे ठरले असते. ही नोंद त्या मुलीलाही दिसत होती, कारण आम्ही दोघी एकच स्क्रीन पाहत होतो.

मी विचारले तेव्हा तिने लपवाछपवी केली नाही. यादीत तळाला असलेल्या दोघांपैकी एक गृहस्थ लाउंजमध्ये बसले होते. सकाळी ते काउंटरवर आले होते तेव्हा त्यांच्या अंगात नेव्ही ब्लू ब्लेझर होता, हातात चामड्याची बॅग होती आणि त्यांच्या बॅगेला 'प्रायॉरिटी'चा टॅग लावायला जरा उशीर झाला म्हणून त्यांनी तिच्या छातीवरच्या पट्टीवरील नाव मोठ्याने वाचून दाखवले होते. "ते मेल करणार, मॅडम. माझं नाव घालून करणार. हे काका-मावशी नाही करणार."

मला तिच्या बोलण्यात त्या जोडप्याविषयी तुच्छता आढळली नाही. ते गरीब आहेत, चुकून पुढच्या रांगेत आले आहेत, असेही तिला वाटलेले नव्हते. तिकिटाची रक्कम तिच्या डोळ्यांसमोर होती. टोपी, चपला आणि दोरी बांधलेली पिशवी पाहून तिने एवढेच ताडले होते की हे लोक ओरडणार नाहीत, मोबाइल काढून आपले चित्रीकरण करणार नाहीत आणि मुख्यालयात त्यांच्या ओळखीचे कोणी नसेल. कपड्यांवरून आम्ही पैसा मोजतो असे बाहेरच्या लोकांना वाटते. पैसा मोजण्याची आम्हाला गरजच नसते, तो स्क्रीनवर असतो. आम्ही मोजतो ती समोरच्याची तक्रार करण्याची ताकद. ती मुलगी कंत्राटी एजन्सीमार्फत कामावर होती, आणि तिचे नाव असलेली एक तक्रार आली की तिला मेमो मिळत असे. दुसरी आली की पुढचे कंत्राट अनिश्चित होत असे. तिचा हिशेब तिच्या जागेवरून बरोबर होता, हे मला मान्य करावेच लागले.

दिसण्यावरून पारख करण्याची सवय तरी आमच्या लोकांना आणखी कुठून लागणार? पाळी सुरू होण्याआधी आमची स्वतःची तपासणी होते. नखांचा रंग ठरवून दिलेल्या छटांपैकी आहे का, अंबाडा नेटमध्ये नीट बसला आहे का, पुरुषांची दाढी गुळगुळीत आहे का, बुटांना पॉलिश आहे का, हे पाहून गुण दिले जातात. कर्मचारी म्हणून मोफत किंवा सवलतीच्या तिकिटावर प्रवास करायचा तर तिथेही पोशाखाची अट असते. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या पासवर निघालेल्या दोन मुलींना केवळ लेगिंग्ज घातल्या म्हणून युनायटेड एअरलाइन्सने विमानात चढू दिले नव्हते, तेव्हा जगभर गहजब झाला; आमच्या धंद्यातल्या लोकांना मात्र त्यात नवल वाटले नाही. परिणाम असा होतो की बिझनेस क्लासमध्ये कडक इस्त्रीत बसलेला माणूस पुष्कळदा आमच्यापैकीच कोणी, रिकाम्या राहिलेल्या खुर्चीवर बसलेला असतो आणि पदरचे पूर्ण पैसे मोजलेला माणूस चुरगळलेल्या टी-शर्टात झोपलेला असतो. हे आम्हा सर्वांना ठाऊक असते. तरीही हात आधी ब्लेझरसमोर जोडले जातात.

मी त्या जोडप्यापाशी गेले. काकांनी दोन्ही बोर्डिंग पास हातात एकावर एक धरले होते. त्यांच्या बोटांची टोके पिवळट तपकिरी होती. नंतर ती मुलगी मला म्हणाली की तिला तो तंबाखूचा डाग वाटला होता. माझे आजोळ सांगली जिल्ह्यातल्या विट्याजवळचे, त्यामुळे तो डाग मी लहानपणापासून ओळखते. तो तेजाबाचा असतो. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात टाकून त्यातील तांबे आणि चांदी वेगळी करायची आणि शुद्ध सोने परत द्यायचे, हा गलाईचा धंदा. खानापूर-आटपाडीकडच्या दुष्काळी पट्ट्यातील माणसे या धंद्यापायी पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगली आहेत, आणि सोन्याचा मोठा व्यवहार असलेल्या केरळात तर त्यांची दुकाने जागोजागी आहेत.

"मामा, विट्याकडचे का?" मी विचारले.

त्यांनी मान वर केली. "तिकडचंच. तुमी?" माझ्या आजोळाचे नाव ऐकून त्यांनी ओळखीचा हुंकार दिला, पण बोलणे तिकडे वळू दिले नाही. हातातल्या पासांवर बोट ठेवून म्हणाले, "ताई, पोरानं पाठवलेल्या तिकिटावर दोन ए आन् दोन सी हुतं. ह्यावर एकवीस हाय आन् हिच्यावर चोवीस. म्हंजी फुडनं मागं ग्येलो ते ग्येलो, वर नवरा-बायकू बी लांब लांब."

त्यांनी सगळे पाहिले होते. आकडा वाचून, जुन्याशी ताडून, दोघांच्या खुर्च्यांतले अंतरही त्यांनी मनाशी मोजून ठेवले होते.

"मग तेव्हाच का नाही विचारलंत?"

"इचारणार हुतो की. पर ही चाकाची खुर्ची येऊ द्या म्हटलं आदी. हिला उभं ऱ्हाता येत न्हाई. आत्ता भांडान काडलं आन् त्यो माणूसच आला न्हाई, तर हिला मी उचलून न्हेऊ व्हय?"

त्या मुलीने ज्याला न बोलणे म्हटले होते, ते हे होते. मी त्यांचे दोन्ही पास परत घेतले, २ए आणि २सी पुन्हा छापून आणले आणि झाल्या प्रकाराबद्दल कंपनीच्या वतीने क्षमा मागितली. मागे बसावे लागले असते तर काय झाले असते, हेही सांगणे माझे काम होते, म्हणून ७५ टक्क्यांचा नियम सांगितला. त्यावर त्यांचा चेहरा एकदम व्यापाऱ्याचा झाला.

"दोगांचं मिळून?"

"दोघांचं. ज्याचं त्याच्या तिकिटावर."

"ह्या पोरीनं त्ये सांगितलं न्हाई."

मी गप्प राहिले. तेवढ्या वेळात त्यांनी बहुधा रक्कम काढली असावी, कारण ते बायकोकडे वळून म्हणाले, "काय गं, बसायचं का मागं? दोन तासांचा तर परश्न हाय."

"तुमी बसा," मावशी म्हणाल्या. "माजा पाय मागं दुमडंल व्हय? डाक्टरनं काय सांगितलंय?"

तो सौदा तिथेच मोडला, आणि व्हीलचेअरही आली.

आता यादीतल्या तळाच्या दोघांचे बघायचे होते. त्यातला एक तरुण मुलगा कंपनीच्या कामाने निघाला होता. मागची वाटेलगतची खुर्ची देते म्हटल्यावर तो लगेच तयार झाला. परतावा त्याच्या कंपनीच्या खात्यात जाणार हे कळल्यावर जरा हिरमुसला, पण शब्द फिरवला नाही. ब्लेझरवाल्या गृहस्थांना मी लाउंजमध्ये जाऊन भेटले. त्यांना कारण सांगितले, क्रम सांगितला, परताव्याची रक्कम सांगितली. त्यांनी आवाज चढवला, आपल्या कार्डाचा दर्जा ऐकवला, आपण कोणाला फोन करू शकतो तेही सांगितले. यात वावगे काही नव्हते. पैसे भरून खुर्ची गेलेल्या माणसाला चिडण्याचा हक्क आहे, आणि त्यांचा राग मी निमूटपणे ऐकून घेतला. पण गेटवर आल्यावर व्हीलचेअरमधील मावशींकडे हात करून ते म्हणाले, "यांना मागे बसवा ना. दे वोन्ट इव्हन नो द डिफरन्स." त्यावर मी एवढेच म्हणाले की त्यांचे तिकीट आपल्या तिकिटापेक्षा बऱ्याच जास्त भाड्याचे आहे, आणि याहून अधिक तपशील मला देता येत नाही. खरे तर तेवढाही द्यायला नको होता असे कोणी म्हणेल, पण तो दिला याचे मला वाईट वाटत नाही.

विमान जवळपास वेळेवर सुटले. पाळी संपताना मी त्या मुलीशी बोलले. तिला रागावण्यात अर्थ नव्हता. विमान बदलले की आधी क्रमवार यादी छापायची, त्यावर ड्युटी मॅनेजरची सही घ्यायची आणि मगच प्रवाशाशी बोलायचे, असे आम्ही ठरवले. "सही तुमची असेल तर तक्रार पण तुमच्या नावावर ना, मॅडम? मग मला काय अडचण आहे?" ती म्हणाली, आणि ते खरेच होते. तोवर निवड तिची आणि शिक्षाही तिची, अशी ती रचना होती.

त्या गृहस्थांचा मेल दुसऱ्या दिवशी आला. त्यात माझे नाव दोनदा होते. काका-मावशींकडून काहीच आले नाही, आणि येण्याचे कारणही नव्हते. महिनाअखेरच्या बैठकीत स्टेशनचा, म्हणजे आमच्या विमानतळावरच्या कामाचा, तक्ता पडद्यावर आला तेव्हा कोचीच्या त्या विमानापुढे तक्रारींच्या रकान्यात '१' होता. सकाळी काउंटरवर जे झाले होते ते तसेच राहू दिले असते, तर तिथे शून्य दिसला असता आणि कोणी काही विचारले नसते. आता विचारले गेले. मी उत्तराचा मसुदा तीन ओळींचा केला: भाड्याचा वर्ग, निवडीचा क्रम आणि परताव्याची रक्कम. वरिष्ठांनी त्यात दिलगिरीची चौथी ओळ घातली, पुढच्या प्रवासासाठी एक व्हाउचर जोडले आणि मेल पाठवून दिला.